दादरचा 'मनाच्या त्रासाचं इंग्लिश' शिकवणारा क्लास: कोणी लावावा, कोणी लावू नये, फी वसूल होते का

आधी थोडक्यात सांगून टाकते, म्हणजे ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांची सोय होईल. फाडफाड इंग्लिश बोलायला शिकायचं असेल तर हा क्लास तुमच्यासाठी नाही. पण स्वतःच्या किंवा घरातल्या कोणाच्या मनाच्या त्रासाबद्दल डॉक्टरशी, ऑफिसात एचआरशी, शाळेतल्या कौन्सिलरशी किंवा आपल्याच इंग्लिश मिडियमच्या मुलांशी धड चार वाक्यं बोलता यावीत असं वाटत असेल तर जरूर लावा. मी लावला, पूर्ण केला, आणि माझ्या मते पैसे वसूल आहेत. काही गोष्टी खटकल्या, त्याही लिहिणार आहे.

नाव मुद्दाम लिहीत नाहीये. मॅडम घरच्या घरी छोटी बॅच घेतात आणि त्यांनीच सांगितलंय की नाव-नंबर कुठे टाकू नका, जागा नाही माझ्याकडे. दादर पश्चिमेला, रानडे रोडच्या आतल्या गल्लीत, जुनी बिल्डिंग, लाकडी जिना. हल्ली असे क्लास ठाण्याला, बोरिवलीला, ऑनलाइन पण निघालेत, त्यामुळे तुम्ही दुसरीकडे कुठे जाणार असाल तरी काय बघून पैसे भरायचे ते यातून कळेल म्हणून सविस्तर लिहितेय.

आता पहिला प्रश्न सगळे विचारतात की यासाठी वेगळा क्लास कशाला, मराठीत बोलावं की. बरोबर आहे, आणि मुंबईत मराठीत मदत मिळत नाही असं मुळीच नाही. केईएम, सायन, नायर तिन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथे मराठीत बोलता येतं. ठाण्याला आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून मराठीतून एवढं मोठं काम करतंय. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, आणि त्यावर मराठी भाषा निवडता येते. मॅडमनी पहिल्या दिवशी काहीही शिकवायच्या आधी फळ्यावर १४४१६ लिहिला आणि सांगितलं की आत्ता, आजच्या आज ज्याला खूप त्रास होतोय त्याने इंग्लिश शिकत बसू नये, या नंबरवर मराठीत बोलावं, क्लास कुठे पळून जात नाही. तो नंबर बॅच संपेपर्यंत त्यांनी पुसला नाही. मला तिथेच बाई आवडल्या.

पण कागद सगळे इंग्लिशमध्ये असतात हो. डिस्चार्ज कार्ड इंग्लिश, इन्शुरन्सचा फॉर्म इंग्लिश, शाळेतून येणारा रिपोर्ट इंग्लिश. माझ्या ऑफिसमध्ये (अंधेरीला बॅक ऑफिसला आहे मी) फुकट कौन्सिलिंगची सोय केल्याचं मेल आलं, सहा सेशन कंपनी देणार वगैरे, आणि लिंक उघडली की पहिलाच रकाना 'ब्रीफली डिस्क्राइब युअर कन्सर्न'. आमच्या टीममध्ये निम्मे लोक मराठी नाहीतर गुजराती मिडियमचे. सगळ्यांना त्रास आहे, टार्गेटचा आहे, घरचा आहे, पण त्या रिकाम्या चौकोनात काय लिहायचं ते कोणालाच सुचेना, आणि शेवटी कोणीच फॉर्म भरला नाही. म्हणजे सोय आहे, पैसे कंपनीने भरलेत, आणि माणूस मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातोय. मला या गोष्टीचा इतका राग आला होता की मी त्याच आठवड्यात असा क्लास शोधायला सुरुवात केली.

त्याआधी एका ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊन बघितलं होतं. त्यात हॅपी, सॅड, अँग्री, पिवळ्या गोल चेहऱ्यांची चित्रं आणि उदाहरणं सगळी थँक्सगिव्हिंगला (तो अमेरिकेतला सण) घरी जायचं आहे म्हणून नर्व्हस आहे अशी. पुढे जायचं तर अजून पैसे. रिफंड मागितला तर उत्तरच नाही. त्यापेक्षा हा क्लास शंभर पटीने बरा, कारण इथे पहिला धडाच टेन्शनपासून सुरू होतो.

टेन्शन हा आपल्याकडचा सर्वव्यापी शब्द. लोकल चुकली टेन्शन, घराचा हप्ता टेन्शन, मुलाचा पेपर टेन्शन, सासूबाईंची बायॉप्सी तेही टेन्शनच. मॅडमनी प्रत्येकाला आपापलं टेन्शन मराठीत चिठ्ठीवर लिहायला लावलं आणि मग त्या चिठ्ठ्या फळ्यावर वेगवेगळ्या शब्दांखाली चिकटवत गेल्या. नेमकी एक गोष्ट समोर आहे, रिपोर्ट यायचाय, तर 'वरीड'. काम डोंगराएवढं आणि वेळ नाही, तर 'स्ट्रेस्ड'. समोर काही घडलेलं नाही पण काहीतरी वाईट होणार असं सतत वाटतंय आणि पोटात गोळा, तर 'ॲन्क्शस'. बेल वाजली तरी दचकायला होतं, कोणी साधं विचारलं तरी अंगावर धावून जातो, तर 'ऑन एज'. आणि सगळं एकदम अंगावर आलं, कुठून सुरुवात करू तेच कळत नाही, तर 'ओव्हरव्हेल्म्ड'. हा शेवटचा शब्द माझी नववीतली मुलगी उठता बसता वापरते. आता मी तिला विचारते, 'व्हॉट इज ओव्हरव्हेल्मिंग यू द मोस्ट राइट नाऊ', आणि खरंच उत्तर येतं, एक काहीतरी ती सांगते, जॉमेट्री म्हणते, नाहीतर अमुक मैत्रीण बोलत नाही म्हणते, आणि मग पुढचं बोलणं आमचं मराठीतच होतं. एवढ्यासाठी मी फी दुप्पट पण दिली असती.

कपाटाच्या दारावर एक मोठं रंगीत चक्र चिकटवलेलं आहे, फीलिंग व्हील म्हणतात त्याला, ग्लोरिया विलकॉक्स नावाच्या अमेरिकन बाईंनी १९८२ मध्ये केलेलं. मधे सहा ढोबळ भावना आणि बाहेर जाऊ तसे बारीक बारीक शब्द. त्यात मधल्या सहांमध्ये 'मॅड' असा शब्द आहे, तो बघून आमच्या बॅचमधल्या काकू एकदम म्हणाल्या अहो हे काय, वेडा लिहिलंय. तर अमेरिकेत मॅड म्हणजे चिडलेला असाही अर्थ आहे, हे मॅडमनी तेव्हाच समजावलं, आणि आपण मात्र कोणाला बोलताना 'मेंटल' किंवा 'मॅड' असं म्हणू नये, विशेषतः जो माणूस औषधं घेतोय त्याच्यासमोर, हेही. दर वेळी आल्यावर त्या चक्रावरचा एक शब्द निवडून आज मला असं वाटतंय हे एका वाक्यात सांगायचं. सुरुवातीला सगळे 'फाइन, फाइन' करत होते. हळूहळू 'नॉट ग्रेट, टु बी ऑनेस्ट', 'अ बिट लो टुडे', 'आय हॅव बीन बेटर' अशी उत्तरं यायला लागली.

सगळ्यात भारी सेशन म्हणजे शरीराचं. आपल्याकडे मन दुखलं की माणूस मनाचं सांगत नाही, अंगाचं सांगतो. छातीत धडधडतं, घशाशी आवंढा येतो, डोकं भणभणतं, हातापायाला मुंग्या, जीव घाबरतो, अन्नावर वासना नाही. मॅडम म्हणाल्या हे लपवायचं काही कारण नाही, डॉक्टरला हेच हवं असतं, फक्त ते नीट सांगता आलं पाहिजे. मग आम्ही आपलं आपलं मराठी सांगायचं आणि त्या इंग्लिश द्यायच्या. धडधडतं, 'माय हार्ट रेसेस', किंवा फॉर्मवर लिहायचं तर 'पाल्पिटेशन्स'. आवंढा, 'अ लंप इन माय थ्रोट'. पोटात गोळा, 'अ नॉट इन माय स्टमक'. मुंग्या, 'पिन्स अँड नीडल्स'. डोक्यात विचारांची गाडी थांबतच नाही, 'रेसिंग थॉट्स'. मन कशात लागत नाही, 'आय कान्ट फोकस ऑन एनीथिंग'. काही वाटतच नाही, रडूही येत नाही, तर 'नम्ब', आणि त्यातला शेवटचा बी लिहायचा पण बोलायचा नाही. आमच्यातल्या एका मुलीने (विरारहून यायची बिचारी, दोन गाड्या सोडून तिसरी पकडून) विचारलं की गर्दीत चढताना श्वास अडकल्यासारखा होतो, हात थंड पडतात, वाटतं आता मी मरणार, आणि मग दहा-पंधरा मिनिटांत जातं, त्याला काय म्हणायचं. मॅडमनी सरळ सांगितलं की हे पॅनिक अटॅकसारखं वाटतंय पण मी डॉक्टर नाही, ते ठरवायचं काम त्यांचं, तू मात्र जाऊन हे असं सांग, आणि तिच्याकडून पूर्ण वाक्य करून घेतलं: 'इट कम्स ऑन सडनली, आय कान्ट ब्रीद प्रॉपर्ली, माय हँड्स गो कोल्ड, आय फील लाइक आय ॲम गोइंग टु डाय, अँड इट पासेस इन टेन टु फिफ्टीन मिनिट्स.' तिने ते मोबाइलमध्ये टाइप करून ठेवलं. पुढे ती खरंच डॉक्टरकडे गेली, हार्टचं काही नाही ना ते आधी तपासून घेतलं, आणि मग पुढची ट्रीटमेंट सुरू झाली.

ग्रामर शिकवतात का, तर हो, पण कामापुरतं. 'फॉर' आणि 'सिन्स' वर त्यांनी जवळजवळ अख्खा एक वर्ग घालवला. मला आधी वाटलं हे शाळेतलं झालंय सगळ्यांचं, पण कारण ऐकल्यावर पटलं. किती दिवसांपासून होतंय यावर डॉक्टरचं बरंचसं ठरतं. डिप्रेशन म्हणायला लक्षणं निदान दोन आठवडे, दिवसाचा बराच वेळ, जवळपास रोज असावी लागतात. सतत चिंता करण्याचा जो आजार आहे, जनरलाइज्ड ॲन्क्झायटी डिसऑर्डर, त्याला सहा महिने. त्यामुळे 'आय ॲम नॉट स्लीपिंग सिन्स थ्री वीक्स' असं आपण सर्रास म्हणतो ते 'आय हॅव नॉट बीन स्लीपिंग वेल फॉर थ्री वीक्स' असं यायला पाहिजे, आणि दिवस ठरलेला असेल तर 'सिन्स'. 'सिन्स गणपती' असं म्हटलं तरी चालेल का असं एका काकांनी विचारलं तर मॅडम म्हणाल्या मुंबईतल्या डॉक्टरला व्यवस्थित कळेल, बिनधास्त सांगा.

तसंच ते '-एड' आणि '-इंग' चं. 'आय ॲम डिप्रेसिंग' म्हटलं तर अर्थ होतो मी दुसऱ्यांना उदास करणारी आहे. 'आय ॲम बर्नआउट' नाही, 'आय ॲम बर्न्ट आउट'. आणि 'कोप अप विथ' हे तर ऑफिसात सगळे म्हणतात, मॅनेजर म्हणतात, ट्रेनर म्हणतात, त्यातला 'अप' काढून टाकायचा, नुसतं 'कोप विथ'. बर्नआउटबद्दल एक नवीन कळलं की जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या यादीत तो आजार म्हणून घेतलेला नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या सततच्या ताणातून येणारी अवस्था असं म्हटलंय. एचआरशी बोलताना हे माहीत असलं की आपण दोष फक्त स्वतःवर घेत नाही.

आता फॉर्मचा भाग, ज्यासाठी मी मुळात गेले होते. पीएचक्यू-९ नावाची डिप्रेशनसाठीची प्रश्नावली आहे, २००१ मध्ये आलेली, आता कुठल्याही हेल्थ ॲपवर नाहीतर कॉर्पोरेट कौन्सिलिंगच्या लिंकवर तीच किंवा तिच्यासारखीच असते. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत हे किती वेळा झालं, शून्य ते तीन मार्क, एकूण २७. तिची बहीण जीएडी-७, ती चिंतेसाठी, सात प्रश्न, एकूण २१. मॅडमनी दोन्हीच्या झेरॉक्स दिल्या आणि एकेक ओळ उलगडून सांगितली. झोपेच्या ओळीत 'फॉलिंग अस्लीप' आणि 'स्टेइंग अस्लीप' असे दोन वेगळे त्रास आहेत, एकात झोपच लागत नाही, दुसऱ्यात पहाटे तीनला टक्क जाग येते आणि मग पंखा बघत पडून राहायचं, आणि डॉक्टरला यातलं कुठलं ते कळलं तर फरक पडतो. 'मोअर दॅन हाफ द डेज' म्हणजे चौदा दिवसांतले सातपेक्षा जास्त, अंदाजे नाही, बोटावर मोजायचं. शेवटचा नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांबद्दल आहे, तिथे लोक घाबरून शून्यावर खूण करतात, नोकरी जाईल वाटतं, तर तिथे खरं लिहा आणि लगेच माणसाशी बोला, फॉर्मच्या भरवशावर राहू नका, हे त्यांनी दोनदा बजावलं. आणि मार्क किती आले यावरून स्वतःला लेबल लावायचं नाही, हे 'स्क्रीनिंग' आहे, 'डायग्नोसिस' डॉक्टर करतो.

कोण कोण काय असतं तेही नीट कळलं. सायकायट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात शिकलेला डॉक्टर, औषध तोच लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, टेस्ट आणि थेरपी करतो, रिहॅबिलिटेशन कौन्सिल या सरकारी परिषदेचं रजिस्ट्रेशन आहे का हे विचारायचा आपल्याला हक्क आहे, आणि ते कसं विचारायचं तेही वाक्य दिलं, 'मे आय आस्क अबाउट युअर क्वालिफिकेशन्स?' कौन्सिलर नावाची पाटी मात्र आपल्याकडे कोणीही लावतो, तेव्हा डोळे उघडे ठेवून जा.

रोलप्लेमध्ये एक काका होते, रिटायर्ड, परळचे. त्यांना मुलासाठी अपॉइंटमेंट घ्यायची होती एका प्रायव्हेट हॉस्पिटलात, जिथे फोन उचलणारी मुलगी इंग्लिशमध्येच सुरू करते. मॅडम रिसेप्शनिस्ट झाल्या. काकांनी 'आय वुड लाइक टु बुक ॲन अपॉइंटमेंट विथ अ' इथपर्यंत खणखणीत म्हटलं आणि 'सायकायट्रिस्ट' ला आवाज एकदम खाली, जवळजवळ ओठातल्या ओठात. खिडकी उघडी होती, खाली भाजीवाल्यांचा आरडाओरडा चाललेला. मॅडम म्हणाल्या काका, दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेताना आवाज खाली करता का तुम्ही? परत म्हणा. परत म्हटलं. परत. चौथ्या-पाचव्या वेळेला खोलीभर ऐकू गेलं आणि काका स्वतःच ताठ बसले खुर्चीत. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला, सत्तरीच्या घरातला माणूस मुलासाठी पाठ करत बसलाय.

दुसऱ्याला काय म्हणायचं हाही भाग आहे. आपण लगेच 'डोन्ट वरी, बी पॉझिटिव्ह, थिंक ऑफ युअर पेरेंट्स' सुरू करतो, मनात चांगलंच असतं पण समोरच्याचं तोंड बंद होतं. त्याऐवजी 'दॅट साउंड्स रिअली हार्ड', 'आय ॲम ग्लॅड यू टोल्ड मी', आणि माझं सगळ्यात आवडतं, 'डू यू वॉन्ट मी टु जस्ट लिसन, ऑर डू यू वॉन्ट हेल्प विथ इट?' हे शेवटचं मी आता घरात मराठीतही विचारते, नुसतं ऐकू का काही करू, आणि नवऱ्यालाही सवय लागलीय.

आत्महत्येबद्दल बोलायचं इंग्लिश एका वर्गात घेतलं. 'कमिट' हे क्रियापद गुन्ह्यासाठी वापरतात म्हणून आता 'डाइड बाय सुसाइड' म्हणतात, आणि आपल्याकडे कायदाही बदललाय, मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७, जो २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला, त्याच्या ११५ व्या कलमाप्रमाणे प्रयत्न केलेला माणूस, उलट सिद्ध होत नाही तोवर, तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, आणि त्याला उपचार आणि पुनर्वसन देणं सरकारचं काम. त्याच कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं हेही आहे, हे मला माहीत नव्हतं आणि क्लेम भरणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं. शंका आली तर सरळ विचारायचं, 'आर यू थिंकिंग अबाउट सुसाइड?' विचारल्याने कोणाच्या डोक्यात विचार घुसत नाही, उलट त्याला बोलायला जागा मिळते. हे वाक्य आम्ही एकमेकांकडे बघून म्हटलं, आणि म्हणणं अवघड होतं, खरंच अवघड होतं.

आणि इथेच माझी मोठी तक्रार आहे. पुढच्या वर्गात दुःखाचे शब्द होते, 'ग्रीफ', 'बिरीव्हमेंट', 'आय ॲम सॉरी फॉर युअर लॉस'. आमच्यात एक ताई होत्या, नवरा वर्षभरापूर्वी गेलेला. त्यांची पाळी आली, 'आय लॉस्ट माय' एवढं म्हटलं आणि त्या कोसळल्या, हुंदके आवरेनात. मॅडमनी वर्ग थांबवला, त्यांना आत स्वयंपाकघरात नेलं, पाणी दिलं, जवळ बसल्या, माणूस म्हणून जे करायचं ते सगळं केलं. पण आम्ही बाकीचे बाहेर बसून राहिलो, दोघीजणी तर स्वतःच रडत होत्या, आणि कोणाला काय करावं कळत नव्हतं. हा विषय असा आहे की शब्द बाहेर आले की मागून बाकीचं पण येणारच. मॅडमनी कौन्सिलिंगचा एक छोटा कोर्स केलाय म्हणतात, पण भाषेची शिक्षिका ती भाषेची शिक्षिका. अशा दोन वर्गांना तरी ट्रेनिंग घेतलेला माणूस खोलीत बसायला हवा, फी वाढवा पाहिजे तर पाचशे. मी त्यांना हे तोंडावर सांगितलं, त्यांना पटलं, पुढच्या बॅचपासून बघते म्हणाल्या. तुम्ही दुसरीकडे कुठे असा क्लास लावणार असाल तर भरायच्या आधी पहिलं हेच विचारा.

बाकी बारीक गोष्टी. रील्सवरच्या शब्दांचा एक वर्ग आहे, ट्रिगर, टॉक्सिक, गॅसलाइटिंग, बाउंडरीज वगैरे, तो घाईत उरकला. तरुण मुलांना तोच हवा होता आणि आयांना तो समजायची गरज होती, कारण घरात भांडणं त्याच शब्दांवरून होतात. फक्त ओसीडीचं छान सांगितलं, की कपाट नीट लावायची आवड म्हणजे ओसीडी नव्हे, नको असलेला विचार परत परत येतो आणि तो शांत करायला माणूस तीच कृती परत परत करतो, हात धुतो, कडी तपासतो, त्यात तासन् तास जातात आणि त्याला त्याचा त्रास होतो. झेरॉक्स सगळ्या इंग्लिशमध्ये, उच्चार देवनागरीत लिहिलेले नाहीत, आपले आपण लिहून घ्यावे लागतात, त्यात फार वेळ जातो. ग्रुपवर गुड मॉर्निंगचे मेसेज येतात, ते बंद करायला हवेत. आणि श्वासाचा व्यायाम व पाच-चार-तीन-दोन-एकचं ग्राउंडिंग (पाच गोष्टी बघा, चार स्पर्श करा, तीन ऐका, दोनचा वास, एकाची चव) हे शिकवलं ते चांगलंच, पण भर दुपारी, पंखा आवाज करणारा, खाली हॉर्न, तिथे शांत बसणं जमत नाही.

फी साडेतीन हजार, दोन महिने, शनिवारी दुपारी. रविवारची बॅच घेऊ नका, मेगाब्लॉकमध्ये निम्मे लोक येत नाहीत आणि रोलप्लेला जोडीदार मिळत नाही. इंग्लिश किती यायला हवं, तर वाचता आलं आणि मोडकं तोडकं वाक्य जुळवता आलं की पुरे, मॅडम मराठीतूनच शिकवतात. ज्यांचं दुःख अगदी ताजं आहे त्यांनी थोडं थांबून जावं असं मला वाटतं. आयांनी, शिक्षकांनी, आशा वर्कर ताईंनी, सोसायटीच्या वॉचमनपासून टीम लीडरपर्यंत कोणीही जावं, मी तर आमच्या एचआरला मेल टाकलंय की हा क्लास ऑफिसात घ्या. आणि तो रकाना मी भरला, 'ब्रीफली डिस्क्राइब युअर कन्सर्न' वाला, चार ओळी, आता मंगळवारी संध्याकाळी माझं सेशन असतं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो खोलीत कौन्सिलर नाही म्हणून, तो आला की पाच देईन. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, ज्यांना जायचंय त्यांनी मला मेसेज करा, मॅडमना विचारून नंबर देते. पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ चे देवनागरी उच्चार लिहिलेले माझे कागद आहेत, तेही पाठवते, तेवढंच तुमचं लिहिणं वाचेल.